शाळेसाठीचा ऊर्जा प्रयोगसंच: वीज दिसते, तिची किंमत दिसत नाही

शालेय साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सध्या ‘ग्रीन एनर्जी’, ‘सिक्स इन वन’ अशा नावांनी एक प्रयोगसंच सर्रास विकला जातो. खोक्यावरचं नाव आणि चित्र बदलतं, आतला माल जवळपास तोच असतो. ११० बाय ६० मिलिमीटरचं सौर पॅनेल, दोन छोट्या मोटरी, पवनचक्कीची पाती, हाताने फिरवायचा डायनॅमो, प्लास्टिकचं पाणचक्र, मिठाच्या पाण्यावरचा घट, चार-पाच एलईडी, क्रोकोडाइल क्लिपच्या सहा वायरी, एक माहितीपुस्तिका आणि भिंतीवर लावायचा तक्ता. किंमत साधारण बाराशे ते पंधराशे रुपये.

सातवी ते दहावीच्या वर्गासाठी तो घ्यावा का? घ्यावा. त्यातलं पॅनेल आणि डायनॅमो एवढे दोनच भाग पैसे वसूल करून देतात. पण नुसता खोका उघडून त्यातले सहा प्रयोग केले, तर मुलांच्या डोक्यात ‘हिरवी वीज फुकट आणि निर्दोष असते’ एवढंच बसतं. आपल्या घरातली बहुतेक वीज ज्या कोळशावर बनते, त्या कोळशाचा या खोक्यात मागमूसही नाही. ही उणीव शिक्षकांना स्वतःच भरून काढावी लागते. ती चारपाचशे रुपयांत भरता येते, म्हणून इथे संचाइतकंच त्याबद्दलही लिहिलं आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा आहे. त्यात कोळसा, अणू, वायू, पाणी, वारा, सूर्य असे सगळे स्रोत येतात. सीबीएसईच्या दहावीतलं ऊर्जास्रोतांचं प्रकरण मात्र २०२३ च्या पुस्तकांतून वगळलं गेलं. त्या शाळांत हा विषय शिकवायचा तर प्रयोगावरच भिस्त ठेवावी लागेल.

आधी सौर पॅनेल

खोक्यावर ‘६ व्होल्ट, १ वॅट’ असं छापलेलं असतं. हा आकडा तसाच न सांगता मुलांना तपासायला लावावा, कारण धड्यात दिलेलं गणित इथे नेमकं उपयोगी पडतं. सिलिकॉनच्या सौरघटाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून साधारण ३० मिलिअँपिअर धारा आणि सुमारे ०.५ व्होल्ट विभवांतर मिळतं. पॅनेल उजेडात तिरकं धरलं की त्यावरच्या पट्ट्या मोजता येतात. त्या बारा आहेत आणि एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे १२ गुणिले ०.५ बरोबर ६ व्होल्ट. एका पट्टीचं क्षेत्रफळ कडा वगळून साडेचार ते पाच चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे धारा १३५ ते १५० मिलिअँपिअर. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात मल्टिमीटर (धारा आणि विभवांतर मोजायचं उपकरण) थेट लावला तर जवळपास तेवढीच धारा दिसते. काहीच न जोडता विभवांतर मोजलं तर ६.५ ते ७ व्होल्ट येतं.

आता मुलं लगेच सात गुणिले १३० करून ०.९ वॅट काढतात आणि खोक्यावरचा आकडा बरोबर ठरवतात. इथे थांबवायला हवं. सात व्होल्ट मिळतात तेव्हा धारा शून्य असते आणि १३० मिलिअँपिअर मिळतात तेव्हा विभवांतर शून्य असतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर पॅनेलला जोडून त्याच्या दोन टोकांना मोजलं तर पाच-सव्वापाच व्होल्ट दिसतात. ५.२ व्होल्टला धारा ११० मिलिअँपिअर आणि शक्ती ०.५७ वॅट. हा खरा आकडा. पॅनेलवर त्या वेळी सहाएक वॅट ऊन पडत असतं, म्हणजे कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. छपरावरची आजची चांगली पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास असतात. हा रेझिस्टर संचात नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो दोन-चार रुपयांत मिळतो. त्याच्याशिवाय हा प्रयोग अर्धाच राहतो.

सावलीचा प्रयोग पुस्तिकेत नाही, पण तो सगळ्यात बोलका आहे. मोटर फिरत असताना बारापैकी एकाच पट्टीवर काळ्या कागदाची चिंधी पूर्ण झाकून ठेवा. क्षेत्रफळाचा फक्त बारावा हिस्सा झाकला जातो, पण मोटर जवळजवळ थांबते. तीच चिंधी सगळ्या पट्ट्यांवर आडवी ठेवली, प्रत्येक पट्टी थोडीथोडी झाकली, तर मोटर फक्त मंदावते. पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे सर्वांत कमी उजेड मिळालेल्या पट्टीइतकीच धारा सगळ्यांतून जाते. गच्चीवरच्या पॅनेलवर टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडू देऊ नये असं का म्हणतात, ते मुलांना एका मिनिटात कळतं.

उन्हाचं दुसरं अंग म्हणजे ताप. सिलिकॉनच्या घटाचं विभवांतर दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. बारा घटांचं मिळून २४ मिलिव्होल्ट. एप्रिलच्या उन्हात पॅनेल अर्धा तास ठेवलं आणि ते तीस अंशांनी तापलं तर ०.७ व्होल्ट गेले. मागच्या बाजूला ओला फडका दाबला की आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. वायरी डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या असतात तिथे मात्र पाणी लागू देऊ नका.

आता काय बिघडतं ते. सर्वांत जास्त तक्रार ‘पॅनेल चालत नाही’ अशी असते आणि दहांत नऊ वेळा पॅनेल चांगलं असतं. एक कारण वर्गातला उजेड. उन्हात एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो, ट्यूबलाइटखालच्या बाकावर तीन-चारशे लक्स. म्हणजे धारा अडीचशे-तीनशे पटींनी कमी. तेवढ्यावर मोटर हलणारच नाही. दुसरं कारण मोटर. संचातल्या दोन मोटरी दिसायला सारख्या असतात, पण एक वीस-तीस मिलिअँपिअरवर सुटणारी आणि दुसरी साधी खेळण्यातली, सुटतानाच कितीतरी जास्त धारा ओढणारी. दुसरी पॅनेलला लावली की ती नुसती थरथरते. बोटाने धक्का दिला तर कधीकधी चालू होते, आणि मुलांना वाटतं पॅनेलच कमजोर आहे. खोका उघडल्याबरोबर दोन्ही मोटरींवर मार्करने खूण करून ठेवा. ओळखायची कशी? दोन्ही एका पेन्सिल सेलवर लावून पाहा, मल्टिमीटरवर कमी धारा दाखवेल ती सौर पॅनेलची.

पावसाळ्यात काय करायचं? जून ते सप्टेंबरमध्ये उन्हावर विसंबून तास लावता येत नाही. मंडपवाल्याकडचा हॅलोजन दिवा तीस-चाळीस सेंटिमीटरवरून वापरा. एलईडी फ्लडलाइट तितका उपयोगी नाही, कारण सिलिकॉन अवरक्त किरणांचाही मोठा वाटा वापरतं आणि एलईडीत ते जवळपास नसतात. दिवा याहून जवळ आणला तर पॅनेलवरचं पारदर्शक आवरण पिवळं पडतं.

डायनॅमो, संचातला सर्वांत चांगला भाग

डायनॅमोच्या दोन टोकांना काहीच न जोडता हँडल फिरवलं तर ते हलकं जातं. एक एलईडी लावला तर फरक जाणवत नाही. टॉर्चचा ६ व्होल्टचा जुना फिलामेंटचा बल्ब लावला की हात भरून येतो. वायर मधेच काढली की हँडल एकदम मोकळं सुटतं. ‘वीज वापरली की कुठेतरी कोणालातरी जास्त जोर लावावा लागतो’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापेक्षा मनगटात उतरतं, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचं याहून चांगलं प्रात्यक्षिक शाळेत नाही. प्रत्येक मुलाला अर्धा मिनिट तरी हँडल मिळालंच पाहिजे, मग तास दुसऱ्या दिवशी पुरा करावा लागला तरी चालेल.

यातूनच युनिटचा हिशेब निघतो. सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने बल्बवर साधारण ५ व्होल्ट आणि ०.२८ अँपिअर मिळतात, म्हणजे १.४ वॅट. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तासभर. १००० भागिले १.४, उत्तर येतं ७१४ तास. दिवसरात्र न थांबता तीस दिवस हँडल फिरवलं की एक युनिट. जुना ७५ वॅटचा सीलिंग फॅन ते तेरा तासांत संपवतो, २८ वॅटचा बीएलडीसी, म्हणजे नव्या प्रकारच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा फॅन पस्तीस तास पुरवतो. हे आकडे फळ्यावर आले की मुलं घरी जाऊन पंख्यावरचं लेबल वाचतात.

डायनॅमोचा कमकुवत दुवा म्हणजे आतली नायलॉनची दातेरी चाकं. दोन चुकांनी ती तुटतात. वेगात फिरत असताना हँडल झटकन उलटं फिरवणं ही पहिली. दोन्ही क्लिपा एकमेकींना चिकटलेल्या असताना जोर लावणं ही दुसरी. सेकंदाला दोन फेऱ्यांपेक्षा जास्त वेगाची गरज नाही. नवा असतानाच चार स्क्रू काढून चाकांवर पांढरं ग्रीस बोटभर लावलं तर आवाजही कमी होतो आणि दातही टिकतात.

वारा: पाती बदला

पवनचक्कीचा भाग दिलेल्या अवस्थेत निराश करतो. टेबलफॅन तीनवर ठेवून, अर्ध्या मीटरवरून वारा दिला तरी मोटर एक व्होल्टच्या आसपास देते. तांबड्या एलईडीला १.८ व्होल्ट लागतात आणि पांढऱ्याला तीनच्या जवळ. दिवा लागत नाही, मुलं हिरमुसतात. पाती खेळण्यातल्या विमानाच्या पंख्यासारखी आहेत. ती हवा ढकलण्यासाठी बनवलेली असतात, वाऱ्यातून ऊर्जा घेण्यासाठी नाही.

पहिला उपाय म्हणजे एलईडीचा नाद सोडून मल्टिमीटर २ व्होल्टच्या डीसी रेंजवर लावणं. आकडा बदलताना दिसला की प्रयोग जिवंत होतो. दुसरा उपाय म्हणजे जाड पुठ्ठ्याची पंधरा सेंटिमीटर लांबीची पाती कापून बुचात खोचणं, आणि फिरण्याच्या प्रतलाशी १०, २०, ३०, ४५ अंश असे कोन करून प्रत्येक वेळी वाचन घेणं. शून्य अंशाला पातं फिरतच नाही. दहा-वीस अंशांच्या आसपास वेग चांगला मिळतो, पुढे पातं सुरू सहज होतं पण वेग धरत नाही. दिवा पेटवायचाच असेल तर जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर भंगारवाल्याकडून आणा. ती कमी वेगातही भरपूर विभवांतर देते. तिच्यातून उलटसुलट धारा येते, त्यामुळे एलईडी कसाही जोडला तरी लुकलुकतो. तिला सुरुवातीचा अडखळा मोठा असल्याने पाती मात्र पंचवीस-तीस सेंटिमीटरची लागतात.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. टेबलफॅन पन्नास वॅट खातो आणि आपली चक्की एका वॅटचा लहानसा अंश देते. नाहीतर ‘पंख्यासमोर पवनचक्की ठेवून वीज बनवू’ ही कल्पना विज्ञान प्रदर्शनात हमखास उगवते.

पर्यावरणाच्या रकान्यात पुस्तिका पवनऊर्जेपुढे ‘प्रदूषण नाही’ एवढंच लिहिते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठाराचं उदाहरण इथे हाताशी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे पंखागळ्याचे सरडे तिथे वाढले, आणि ते माणूस जवळ आला तरी उशिरा पळू लागले. त्या सरड्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ या आपल्या शब्दावरून ठेवलेलं आहे. धूर नाही म्हणजे परिणाम नाही, असं नसतं, हे समजावायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. त्याच वेळी प्रमाणही सांगायला हवं. एका युनिटमागचा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) पवनचक्कीत कोळशाच्या तुलनेत किती कमी, ते पुढे येतंच.

पाणचक्र आणि मिठाचा घट

पाणचक्र बेसिनच्या नळाखाली धरायचं आहे. दोनदा धरलं की पाणी मोटरमध्ये शिरतं आणि आठवड्यात ती गंजून अडकते. मोटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, आसाच्या जागी व्हॅसलिन भरा. नळाऐवजी २० लिटरची बादली दीड मीटर उंचीवर ठेवून १२ मिलिमीटरची नळी खाली आणा आणि तिच्या तोंडाला बॉलपेनच्या रिकाम्या नळकांड्याचा पाच मिलिमीटरचा तुकडा बसवा. धार जोरात लागते, बादली तीन ते चार मिनिटं पुरते. बादली पाऊण मीटरवर आणून पुन्हा मोजलं की उंचीचं महत्त्व कळतं, आणि कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळीच्या वीजगृहाकडे का उतरवलं याचं उत्तर मिळतं.

कोयनेचा विषय निघाला की पुस्तिकेतला ‘जलविद्युत: स्वच्छ ऊर्जा’ हा शेरा पुरेसा नाही. १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाने राज्याच्या उद्योगांना उभं केलं. संध्याकाळी विजेची मागणी एकदम वाढते तेव्हा ती झटकन पुरवणं कोळशाच्या केंद्रापेक्षा पाण्याच्या केंद्राला कितीतरी सोपं जातं. पण शिवसागर जलाशयाखाली गावं गेली आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आजही मिटलेले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं ठिकाण बनलं.

मिठाच्या घटाबद्दल संचाने सरळसरळ चुकीचं लिहिलं आहे. ‘पाणी आणि मीठ यांपासून वीज’ असं खोक्यावर छापलंय. वीज मिठापासून येत नाही. मॅग्नेशियमची पट्टी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून ती येते, मीठ फक्त पाण्याला विद्युतवाहक बनवतं. प्रयोगानंतर तळाला जो पांढरा गाळ बसतो तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे खर्ची पडलेलं इंधन. आणि ते मॅग्नेशियम कारखान्यात बनवताना आधीच भरपूर ऊर्जा ओतलेली असते. ऊर्जेचा स्रोत आणि ऊर्जेचा वाहक यांतला फरक शिकवायला हा घट उत्तम आहे, अट एवढीच की खोक्यावरचं वाक्य खोडून शिकवा. पट्टी तासाच्या आधी आणि नंतर तोळ्याच्या काट्यावर तोलता आली तर फारच छान. पन्नास मिलिलिटर पाण्यात एक चमचा मीठ पुरतं. तास संपल्यावर पट्टी साध्या पाण्याने धुऊन, पुसून, सुकवून ठेवा. ओली राहिली तर पुढच्या तासाला उरत नाही.

खोक्यात नसलेला कोळसा

आता मुख्य उणीव. देशात बनणाऱ्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा कोळशाचा आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र एकट्याने २,९२० मेगावॉटचं आहे. तरीही संचात औष्णिक विजेचा एकही प्रयोग नाही. सुरक्षिततेचं कारण समजण्यासारखं आहे, पण पुस्तिकेतही फक्त धुराड्याचं चित्र आहे.

वाफेवरचं चक्र शिक्षकांनी स्वतः दाखवावं. उघड्या तोंडाच्या चहाच्या किटलीत पाणी उकळा, तोटीसमोर दहा सेंटिमीटरवर पातळ ॲल्युमिनियमची भिंगरी चिमट्याने धरा. मुलं दोन मीटर लांब. झाकण घट्ट बसवलेला डबा, बूच लावलेली बाटली, कुकरची शिट्टी काढून केलेले प्रयोग, यांतलं काहीही करू नका. वाफेने भाजणं फार वाईट असतं.

ज्वलनातून काय निघतं ते दाखवायला चुन्याची निवळी लागते. पानवाल्याकडचा चुना एक चमचा, उकळून गार केलेलं पाणी एक लिटर, बाटली हलवून रात्रभर ठेवायची. सकाळी वरचं नितळ पाणी न ढवळता कापसातून गाळून घट्ट बुचाच्या बाटलीत भरायचं. मेणबत्तीवर काचेची बरणी उपडी धरून ती विझू द्या, बरणी सुलटी करून लगेच वीस मिलिलिटर निवळी ओता, झाकण लावून हलवा. ती दुधाळ होते. शेजारी साध्या हवेच्या बरणीत तेवढीच निवळी हलवून दाखवायलाच हवी, नाहीतर मुलांना तुलना मिळत नाही. निवळी जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर आधीच गढूळ असते आणि प्रयोग फसतो. मुलं स्ट्रॉने फुंकर मारून बघतात तेव्हा आधी दुधाळ झालेली निवळी फार वेळ फुंकल्यावर पुन्हा नितळ होते. त्यात चूक काही नाही, जास्तीच्या कर्बवायूमुळे विरघळणारं बायकार्बोनेट तयार होतं. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, चुना डोळ्यांना घातक आहे.

याहून परिणामकारक गोष्ट म्हणजे एक कापडी पिशवी. तिच्यात ७०० ग्रॅम वाळू किंवा खडे भरा आणि वर लिहा: ‘एक युनिट’. कोळशावर बनलेल्या एका युनिटमागे आपल्याकडे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. दुसऱ्या छोट्या पिशवीत २०० ते २५० ग्रॅम राख भरा, कारण भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असतं. मुलांना त्या पिशव्या हातात घेऊ द्या आणि मग घरचं वीजबिल उघडायला सांगा. शंभर युनिटचं बिल असेल, आणि ती सगळी कोळशावर बनली असं धरलं, तर सत्तर किलो कोळसा आणि वीसपंचवीस किलो राख. आधी त्याच मुलांनी डायनॅमो फिरवलेला असेल तर हा आकडा त्यांना वेगळाच लागतो. राख कुठे जाते, हा पुढचा प्रश्न वर्गातून आपोआप येतो. काही सिमेंटमध्ये आणि राखेच्या विटांत, उरलेली राखेच्या तलावांत. जवळच्या बांधकामावरून फ्लाय ॲशची एक वीट आणून ठेवली तर उत्तर हातात देता येतं.

तक्ता आणि पुस्तिका

संचासोबतचा तक्ता भिंतीवर लावू नका. त्यात स्रोतांचे दोनच रंग आहेत, हिरवा आणि काळा. अणुऊर्जा कुठल्या रंगात घालायची ते ठरवता न आल्याने ती गाळलीच आहे, आणि तारापूरचं अणुवीज केंद्र तर १९६९ पासून महाराष्ट्रातच चालू आहे. बायोगॅसही नाही. ‘सौरऊर्जा: शून्य प्रदूषण’ हा मजकूरही बदलायला हवा. पॅनेल बनवताना ऊर्जा लागते आणि आयुष्य संपल्यावर ते ई-कचरा होतं. देशाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश केलेला आहे.

त्याऐवजी मुलांकडून नवा तक्ता करून घ्या. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालातले, बांधणीपासून शेवटापर्यंतचा सगळा हिशेब धरलेले मध्यम आकडे वापरता येतात. एका युनिटमागे कर्बवायू (इतर हरितगृह वायू त्याच मापात धरून): कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, छपरावरचं सौर ४१, जलविद्युत २४, अणू १२, जमिनीवरची पवनचक्की ११. आलेखकागदावर ८२ मिलिमीटरचा स्तंभ आणि शेजारी जेमतेम मिलिमीटरभराचा स्तंभ काढताना फरक डोळ्यांत भरतो. मग त्याच तक्त्यात दुसरे रकाने हवेत: जमीन, पाणी, विस्थापन, पक्षी-प्राणी, राख किंवा किरणोत्सारी कचरा, रात्री मिळते का. या रकान्यांना एका अंकात बसवण्याचा हट्ट धरू नका. मुलांना वाद घालू द्या, हा तास त्याचसाठी आहे.

पुस्तिकेत एक चूक शिक्षकांनाही चकवते. एका पानावर विजेच्या एका युनिटमागे ०.७ किलो कर्बवायू, दुसऱ्यावर जवळपास एक किलो असं आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिला देशाच्या सगळ्या विजेची सरासरी, दुसरा देशातल्या फक्त कोळशाच्या केंद्रांचा (वरचा ८२० ग्रॅमचा आकडा जगभरातल्या केंद्रांचा आहे). पुस्तिकेने ते सांगितलेलं नाही.

घेताना

एका संचाभोवती पाच-सहा मुलं नीट काम करू शकतात. साठ जणांच्या वर्गासाठी दहा संच घेण्यात अर्थ नाही. दोन संच घ्या, बाकी सुटे भाग आणा: पाच-सहा सौर मोटरी, तांबडे एलईडी, ४७ ओहमचे रेझिस्टर, आणि तीनेक डीटी ८३० प्रकारचे मल्टिमीटर, जे दोन-तीनशे रुपयांना मिळतात. या मल्टिमीटरचा फ्यूज मुलं पहिल्याच तासाला उडवतात, कारण धारेच्या रेंजवर ठेवून तो थेट सेलला लावतात. तांबडी वायर सुरुवातीला १० अँपिअरच्या भोकात ठेवण्याची सवय लावा. संचातल्या क्लिपांच्या वायरी रबराच्या टोपीखाली नुसत्या मुरगाळलेल्या असतात, डाग दिलेला नसतो. ‘कनेक्शन बरोबर आहे पण चालत नाही’ याचं कारण बहुधा तिथेच सापडतं. सहाच्या सहा वायरींना आधीच डाग देऊन घ्या.

दुकानात पैसे देण्याआधी खोका उघडायला सांगा. पॅनेल दारातल्या उन्हात धरून सौर मोटर फिरते का ते पाहा. डायनॅमो कानाजवळ धरून सावकाश फिरवा, प्रत्येक फेरीत एकाच जागी टक् आवाज आला तर चाकाचा दात आधीच गेलेला आहे, दुसरा मागा. मॅग्नेशियमची पट्टी सीलबंद पाकिटात असावी आणि तिच्यावर पांढरे डाग नसावेत. शेवटचं, सुट्या पट्ट्या वेगळ्या मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर मिठाचा घट चार-पाच तासांपुरताच आहे असं समजून भाव करा.